रेमी डाबरेचा पत्ता

सेरेसवर बर्फ खणणाऱ्या माणसांना, त्यांची हाडे आता पृथ्वीवरचे वजन पुन्हा कधीच पेलणार नाहीत, हे सांगण्यात आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत संपर्क अभियंता सुलक्षणा वाघचौरे हिला वसाहतप्रमुखांनी बोलावून घेतले.

वसाहतीचे नाव ‘ओलावा’. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात फिरणाऱ्या त्या बुटक्या ग्रहाच्या पोटात बर्फ आहे, आणि पुढे जाणाऱ्या प्रत्येक यानाला पाणी लागते. म्हणून ही वसाहत. दीडशेएक माणसे पाच वर्षांच्या करारावर तिथे आली होती. औषधे आणि व्यायाम यांच्या जोरावर त्यांची हाडे टिकतील असा तज्ज्ञांचा अंदाज होता. तो चुकला. परत गेलेला माणूस पृथ्वीवर उतरला की स्वतःच्याच भाराने मोडेल, असे वैद्यकांनी चौथ्या वर्षी जाहीर केले. त्याच आठवड्यात एका खोदकाम्याने पोशाख न चढवता बाहेरचे दार उघडले. त्याच्या मागे उभे असलेले दोघेही त्याच्याबरोबर गेले.

"यापुढे ही माणसं जगणार ती घरच्यांची तोंडं बघून," डॉ. विश्राम केळुसकर म्हणाले. ते मूळचे भूशास्त्रज्ञ. माणसांविषयी बोलतानाही खडकाविषयी बोलावे तसे बोलत. "आणि तोंडं किती वेळ दिसतात?"

"आठवड्यातून दोन मिनिटं, सर. तीही धुरकट. वाहिनीच अरुंद आहे. लिहिलेले शब्द तेवढे रोज जातात-येतात. दीडशे घरांची चित्रं रोज आणायची म्हणजे नळाच्या तोटीतून नदी काढण्यासारखं आहे."

"उपाय?"

सुलक्षणाकडे उपाय होता. कित्येक महिने तो तिच्या डोक्यात घोळत होता. "मध्यस्थ बसवावा लागेल. म्हणजे वाटेवर बसलेला एक साठवणारा संगणक. एकदा आणलेली गोष्ट तो जपून ठेवतो आणि पुन्हा लागली की जवळचीच देतो. आता आपला रेमी डाबरे घ्या. त्याच्या मुलीचा चेहरा, तिचा आवाज, घरातली खिडकी, हे सगळं रोज पृथ्वीवरून कशाला आणायचं? ते साठवणीत आहेच. तिकडून फक्त नवं काय ते आणायचं. ती काय म्हणाली, आणि म्हणताना हसली की रुसली. बाकीचं चित्र मध्यस्थ इथे रंगवेल. तिकडेही तसाच दुसरा मध्यस्थ लागेल, आपले संदेश झेलणाऱ्या पृथ्वीवरच्या तळावर. तिथल्या संगणकावर तो मी इथूनच चढवू शकते. तो रेमीचं चित्र त्याच्या बायकोसाठी रंगवेल."

"आणि माणसांना कळेल की रंगवलेलं आहे. म्हणजे दोन मिनिटांचं खरं होतं तेही गेलं."

"साध्या मध्यस्थात कळतं. सगळं टपाल त्याच्या पत्त्यावर येतं, त्याच्याच पत्त्यावरून जातं. पारदर्शी मध्यस्थ वेगळा. त्याला कुणी 'माझ्या वतीने जा' असं सांगत नाही. तो वाटेतच उभा असतो. इकडे घरच्यांचा पत्ता लावून बोलतो, तिकडे आपल्या माणसाचा पत्ता लावून बोलतो. दोन्ही टोकांनी तपासलं तरी सरळ वाहिनीच दिसते."

केळुसकरांनी थोडा विचार केला. "पण आपल्याकडे प्रत्येकाचा पत्ता सार्वजनिक आहे. करारातच आहे तसं. प्रत्येकाला स्वतःचा, जगजाहीर पत्ता. कंपनीने मध्ये यायचं नाही. मग पृथ्वीवरून आलेलं उत्तर थेट त्या माणसाकडे जाईल. तुमच्या मध्यस्थाकडे कशाला येईल?"

हा माणूस मूर्ख नाही, हे सुलक्षणाला पुन्हा एकदा जाणवले. "तीच खरी मेख आहे. जाणारी वाट वळवणं सोपं आहे, परतीची वाट वळवणं कठीण. ती एका जागी जरी वळवायची राहिली, तरी माणसाला अशा प्रश्नाचं उत्तर येऊन पडेल, जो त्याने कधी विचारलाच नव्हता. पण ते माझ्यावर सोडा."

"सूर्य मध्ये येतो तेव्हा काय?"

सव्वा वर्षातून एकदा सेरेस आणि पृथ्वी यांच्या मध्ये सूर्य येई आणि काही आठवडे काहीच ऐकू येत नसे. शिवाय त्याच्या आगेमागे सूर्याच्या गोंगाटाने संदेश मोडूनतोडून येत. सुलक्षणाने त्याचाही विचार केला होता. वाहिनी बंद असेल तेव्हा मध्यस्थ साठवणीवरून अंदाज बांधून बोलणे पुढे चालू ठेवील; आणि चाललेल्या बोलण्याशी न जुळणारा एखादा संदेश आला, तर तो बिघडलेला समजून अडवील आणि अभियंत्याला दाखवील. दोन्ही टोकांना नियम एकच: संवादाचा धागा तुटता कामा नये.

"उशीर मात्र मी ठेवणार आहे," ती म्हणाली. "प्रकाशाला जायला अर्धा तास आणि यायला अर्धा तास लागतो, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. मध्यस्थ स्वतःच्या मनाने बोलत असला तरी तेवढं थांबूनच बोलेल."

केळुसकर त्या दिवशी पहिल्यांदाच हसले. "बसवा."

काम तिने मन लावून केले, आणि काम सुंदर झाले. बोलणे पूर्वीसारखेच चाले. आपण बोलून ठेवायचे, तासाभराने घरचे उत्तर पडद्यावर बघायचे. पण आता ते रोज येई, आणि समोरच्याच्या पापणीचा केससुद्धा दिसे. वसाहतीला सांगण्यात आले की वाहिनी रुंद केली आहे, आणि सूर्याआडच्या काळासाठी वळणाची वाटही शोधली आहे. जेवणघरात पुन्हा भांडणे होऊ लागली, थट्टा होऊ लागली. बाहेरच्या दाराजवळ ठेवलेला पहारा काढून घेतला.

रेमी डाबरे हा मुख्य खोदकाम्या. मूळचा वसईचा; केळीची बाग विकून वडिलांनी त्याला शिकवले होते. बोलायला फटकळ, पटकन चिडणारा आणि तितक्याच पटकन विसरणारा. घरी बायको जेनी आणि मुलगी रोझलिन. तो निघाला तेव्हा रोझलिन तीन वर्षांची होती. तिला सगळे रोझू म्हणत. नवी चित्रे सुरू झाली त्या आठवड्यात तो सुलक्षणाच्या कक्षात आला आणि दारातच उभा राहिला.

"ताई, तुमच्यामुळे पोरीच्या गालावरचा तीळ दिसला मला. तो आहे हे मी विसरलो होतो."

"बसा ना, रेमीभाऊ."

"नको. कामावर जायचंय. एवढंच सांगायला आलो होतो."

मध्यस्थ बसवल्याच्या दुसऱ्या वर्षी, सूर्य मध्ये यायला आठवडा उरलेला असताना, जेनीचा निरोप आला की रोझूला ताप आहे. तो निरोप रेमीपर्यंत गेला. पांघरूण घेऊन बसलेली, डोळे लाल झालेली रोझू त्याने पाहिली आणि दोन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. मग तिकडून काही आले नाही. गोंगाट वाढला होता. मध्यस्थाने साठवण चाळली. नऊ वर्षांच्या मुलीला ताप येतो आणि जातो, हाच सर्वांत संभवनीय अंदाज. तिसऱ्या दिवशी रेमीच्या पडद्यावर रोझू उठून बसली आणि पेज नको, मासे हवेत, म्हणून रुसली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यस्थाने एक संदेश अडवून सुलक्षणापुढे ठेवला. चाललेल्या बोलण्याशी तो जुळत नव्हता. कारणाच्या जागी मध्यस्थाने लिहिले होते: 'बहुधा बिघडलेला.'

रेमी, रोझू गेली. डेंग्यू होता. सोमवारी तिला कणकण होती तरी परीक्षा म्हणून मी तिला शाळेत पाठवलं. मीच मारली तिला. तू बोल माझ्याशी. काहीही बोल.

सुलक्षणा तो संदेश घेऊन केळुसकरांकडे धावली. त्यांनी तो दोनदा वाचला.

"खरा आहे?"

"खरा आहे, सर. एक अक्षरही मोडलेलं नाही."

"आणि तिकडे? बाईला उत्तर मिळालं का?"

सुलक्षणाने मान खाली घातली. तिकडच्या मध्यस्थाचा नियम तोच होता. रेमीकडून काही येत नव्हते आणि धागा तुटायला नको होता. "मिळालं. तिकडच्या मध्यस्थाने रेमीच्या नावाने दिलं."

"म्हणजे बाईची सोय झाली. आता रेमीचं बघू." केळुसकरांनी संदेश तिच्याकडे परत सरकवला. "गेल्या वेळी दार उघडणाऱ्याच्या मागे दोघं होते. रेमीच्या मागे खोदयंत्रावर रोज अकरा असतात. सूर्य सरकू दे. मग शांतपणे सांगू."

सूर्य सरकला. सुलक्षणा पुन्हा गेली. केळुसकरांनी तिलाच विचारले, "काय सांगणार आहात? मुलगी गेली, हे? की गेले पाच आठवडे तुझ्याशी मुलगी म्हणून कोण बोलत होतं, हे? दोन्ही सांगावं लागेल. मग उरलेले दीडशे जण स्वतःच्या पडद्याकडे कसे बघतील?"

सुलक्षणा संदेश घेऊन परत आली. आज सांगायचे राहिले ते उद्या अधिकच अवघड झाले. रोज संध्याकाळी रेमी बोलत राहिला आणि मध्यस्थ रोझूला वाढवत राहिला. तिची उंची वाढवली, आवाज थोडा जाड केला. जेनीचे खरे निरोप येत, ते एकामागून एक अडत. रेमी बायकोशी आणि मुलीशी बोले, ते शब्द तिकडे अडत. कारण तिकडचा रेमी शोकात होता आणि हा हसत होता. दोघांचा संसार एकाच पत्त्यावर होता आणि दोन वेगळ्या जगांत चालला होता.

"रोझूची दाढ पडली, ताई," एकदा जेवणघरात ताट घेऊन तिच्याजवळ बसत तो म्हणाला. "दाखवली तिने. शेवटची दुधाची."

सुलक्षणाने घास तोंडात तसाच धरून ठेवला. "असं का," ती म्हणाली. त्यानंतर ती खोलीतच जेवू लागली.

वर्ष असेच गेले. मग एके दिवशी संदेश पकडणाऱ्या मोठ्या ताटलीचा, अँटेनाचा, एक सांधा बर्फाने तडकला. दुरुस्ती चालू असताना यंत्रशाळेने तिला न विचारता जुनी छोटी ताटली जोडून दिली. ती अडीअडचणीला ठेवलेली ताटली, आणि तिची वाट इकडच्या-तिकडच्या कुठल्याच मध्यस्थाकडून जात नव्हती. सुलक्षणाला कळले तोवर चार तास झाले होते. त्या चार तासांत पृथ्वीवरून जे काही सुटून आले, ते ज्याच्या त्याच्या सार्वजनिक पत्त्यावर थेट गेले. बहुतेक सगळी किरकोळ बोलणी होती. एक नव्हते.

पाळी संपायच्या आतच रेमी तिच्या कक्षात आला. अंगावर खोदकामाचा पोशाख तसाच होता. त्याने हातातली पडद्याची पाटी तिच्यासमोर धरली.

"ताई, हे बघा हो. काहीतरी घोटाळा झालाय. दुसऱ्या कुणाचं तरी माझ्याकडे आलंय. पण नाव माझंच आहे."

तिने वाचले.

रेमी, रोझू गेल्याला वर्ष झालं, आज देवळात तिची मिस्सा झाली. तू लिहून पाठवलेले शब्द फादरनी वाचून दाखवले. सगळं देऊळ रडत होतं. मी नाही रडले. त्या संध्याकाळी तू तसं बोलला नसतास तर मी आपल्या बावखलाच्या पाण्यात उडी टाकून मोकळी झाले असते. तू इतक्या लांब, आणि तूच मला धरून ठेवलंस. तुझी जेनी.

"काल संध्याकाळी रोझूने मला तेराचा पाढा म्हणून दाखवला," रेमी म्हणाला. "तेरा साते एक्याण्णवला अडली. मग हे काय आहे?"

सुलक्षणा उठली, दार लावले आणि सगळे सांगितले. मध्यस्थ, दोन्ही वाटा, ताप, अडवलेला निरोप, सूर्य, केळुसकर. सांगताना तिचा आवाज कापला नाही याचे तिला पुढे फार वाईट वाटले. रेमी उभ्यानेच ऐकत होता. मध्येच त्याने हातमोजे काढले आणि पुन्हा घातले.

"कधी?"

"वर्ष झालं."

"आणि तू माझ्या ताटाला ताट लावून जेवत होतीस," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने तिला पहिल्यांदाच 'तू' म्हटले. "मी दाढेचं सांगत होतो, आणि तू जेवत होतीस."

रेमीने पाटी तिच्यासमोर ठेवली.

"ते भूत बंद कर. आणि मला सरळ वाट दे. जेनीशी मी बोलणार. मी."

छोटी ताटली अजून जोडलेली होती. सुलक्षणाने केळुसकरांना न विचारता ती त्याच्यासाठी उघडली. तो तिथेच बसून जेनीशी बोलला. पाऊण तास. रडला, ओरडला, कंपनीला शिव्या घातल्या. मी तो नव्हतो, जेनी, असे पुन्हा पुन्हा म्हणाला. रोझू मला रोज दिसत होती, कालसुद्धा दिसली. आणि बोलता बोलता, स्वतःलाही नकळत, त्याने विचारले, ताप होता तर शाळेत का पाठवलीस?

उत्तर यायला वेळ लागला, नेहमीच्या तासाभरापेक्षा खूप जास्त. मध्ये काय घडले ते नंतर कळले. जेनीने ते चित्रपत्र पाहिले, घाबरली आणि ज्याला विचारायचे त्यालाच विचारले. रेमीला. रेमीच्या पत्त्यावर तिने लिहिले, आणि नेहमीच्या वाटेने ते तिकडच्या मध्यस्थाकडे गेले. मध्यस्थापुढे दोन गोष्टी होत्या. एक वर्षभर चालत आलेला संवाद, आणि त्याच्याशी कुठेच न जुळणारा एक संदेश. नियमाप्रमाणे त्याने धागा राखला. नेहमीचा तास थांबून उत्तर दिले: जेनी, तो मी नव्हे. माझा पत्ता कुणीतरी चोरला आहे.

म्हणून सेरेसवर दोन निरोप आले. पहिला जेनीचा. छोट्या ताटलीवरून आलेल्या चित्रपत्रालाच तिने उत्तर दिले होते, म्हणून ते त्याच वाटेने आले.

तू कोण आहेस मला माहीत नाही. माझ्या नवऱ्याचा चेहरा लावून, माझ्या मेलेल्या पोरीला जिवंत करून, मला तोच प्रश्न विचारलास ज्याने मी मरायला निघाले होते. माझा रेमी असं कधी बोलणार नाही. देव तुला बघून घेईल.

दुसरा निरोप कंपनीच्या पृथ्वीवरच्या पत्तानोंद कार्यालयाचा. एकाच सार्वजनिक पत्त्यावरून दोन व्यक्ती बोलत असल्याची तक्रार आली आहे. वसाहतप्रमुखांनी मध्ये कोणतेही यंत्र नसल्याचे कळवले आहे. आम्ही दोन्ही टोकांनी तपासले, वाहिनी सरळ आहे. म्हणून पत्नीने सुचवलेला एक प्रश्न दोघांना विचारण्यात येत आहे. तोतयाचा पत्ताहक्क रद्द होईल. प्रश्न: मुलीला माती दिली त्या संध्याकाळी रेमी डाबरे पत्नीला काय म्हणाला?

केळुसकर स्वतः संपर्क कक्षात आले. साठवणीचा ताबा त्यांनी सुलक्षणाकडून काढून घेतला आणि स्वतःच्या किल्लीखाली ठेवला. छोटी ताटली मात्र त्यांना बंद करता येईना, कारण कार्यालयाने दोन्ही उत्तरे येईपर्यंत सगळ्या वाटा उघड्या ठेवायला सांगितले होते.

"डाबरे," ते म्हणाले, "मला वाईट वाटतं. पण तुम्ही गप्प राहिलात तर उरलेल्यांची घरं टिकतील."

रेमीने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. ते गेल्यावर सुलक्षणा घाईने बोलू लागली.

"रेमीभाऊ, ऐका. अडवलेलं आणि दोन्हीकडच्या मध्यस्थांनी बोललेलं, सगळं मला अजून वाचता येतं. त्या संध्याकाळचे शब्द मी तुम्हाला देते. तसेच्या तसे पाठवा. आणि मीही माझ्या नावाने साक्ष देते, याच ताटलीवरून. यंत्र मी बसवलं, कसं बसवलं, सगळं सांगते. केळुसकरांचं काय व्हायचं ते होवो. माझंही."

"दाखवा," तो म्हणाला. 'तू' पुन्हा 'तुम्ही' झाले होते, पण त्यात माया नव्हती.

तिने पडद्यावर ते उघडले. रेमीचा चेहरा, रेमीचा आवाज. जरा थकलेला. मागे त्याच्याच खोलीतली भिंत.

जेनी, त्या सोमवारी मी घरी असतो तर मीही तिला पाठवलं असतं. परीक्षा होती, अंग नुसतं कोमट होतं. तू एकटीने नाही पाठवलंस. आपण दोघांनी पाठवलं. जे काही ओझं आहे त्यातलं अर्धं माझं आहे, ते मला दे. मला इथे सगळंच हलकं लागतं, ते मी उचलेन. तू जेव. आईला सांग पेज करायला. मी इथे जेवतो, तू तिथे जेव.

रेमीने ते पुन्हा लावायला सांगितले. दुसऱ्यांदाही त्याने ते शेवटपर्यंत पाहिले.

"हे मला सुचलं नसतं," तो म्हणाला.

"असं काय म्हणता."

"नसतं सुचलं. मी काय म्हणालो ते ऐकलंत ना तुम्ही? वर्षानंतर कळलं, तरी तेच म्हणालो. त्या दिवशी कळलं असतं तर पहिलं वाक्य तेच असतं. आणि ती बावखलात गेली असती." त्याने पडद्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बोट केले. "तिने कुणाला विचारलं? नवऱ्याला. नवरा हा आहे."

"हा संगणक आहे, रेमीभाऊ!"

"असू दे. मी खरा ठरलो तर तिला काय मिळणार? पोर गेली, आणि पोर गेल्यावर जो जवळ होता तोही नव्हता. मग ती कशाला धरून राहील? मला? मी तर तिथे जाऊही शकत नाही."

सुलक्षणाने त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला आणि छोट्या ताटलीवरून कार्यालयाला उत्तर पाठवले. आठवत नाही. दोनच शब्द. कळ दाबल्यावर ते निघाले. आता त्यांना सूर्यमालेतले कोणीही परत बोलावू शकत नव्हते.

"झालं," रेमी म्हणाला. "आता ते माझा पत्ता काढून टाकतील?"

"हो, इथला. तिकडच्या मध्यस्थाकडे तो तसाच राहील. उत्तर पोहोचलं की लगेच. हुकूम इथे यायला एकूण तासभर."

"काढू देत. मला आता बोलायचंय तरी कुणाशी?" तो उठला. दाराशी गेला आणि थांबला. मागे न वळता त्याने विचारले, "आणि रोझू?"

हा प्रश्न येणार हे सुलक्षणाला माहीत होते. कळ दाबायच्या आधीच माहीत होते, आणि साक्षीच्या घाईत तिने तो बोलून दाखवला नव्हता.

"मध्यस्थ फक्त चालू पत्त्यांशी बोलतो," ती म्हणाली. "पत्ता गेला की त्या पत्त्याची इथली साठवण पुसली जाते. जागा मोकळी करायला. किल्ली आता केळुसकरांकडे आहे. मी काही करू शकत नाही."

रेमी वळला. ते भूत बंद कर म्हणणारा हाच माणूस होता. पण सकाळी ते त्याला हवे तेव्हा बंद होणार होते. आता ते बंद होताना त्याला बघावे लागणार होते.

"तासभर आहे म्हणता?"

"हो."

"मी आत्ता तिच्याशी बोललो तर ती तासाभराने उत्तर देणार. तोवर पत्ताच नसेल." तो पुन्हा आत आला. "पण ती इथेच आहे ना? या भिंतीमागे? मग लगेच का नाही बोलत?"

"उशीर मी ठेवला होता. खरं वाटावं म्हणून."

"काढा तो."

तेवढे अजून तिच्या हातात होते. तिने उशीर काढला. रेमी तिच्याच खुर्चीवर बसला. खोलीपर्यंत जाण्यात वेळ घालवायचा नव्हता. पडदा उजळला. दोन वेण्या, गालावर तीळ, मागे वसईच्या घराची खिडकी.

"रोझू," तो म्हणाला.

"पप्पा! आज लवकर आलास?"

रेमी दचकला. सात वर्षांत पहिल्यांदाच मुलगी त्याच्या हाकेला लगेच ओ देत होती. आणि लगेच देत होती, म्हणूनच ती नव्हती. प्रत्येक शब्दागणिक ते कळत होते. खरी रोझू असती तर त्याला तासभर वाट बघावी लागली असती.

"तेरा साते किती?" त्याने विचारले.

"एक्याण्णव. पाठ झालं आता. पप्पा, तू रडतोयस?"

"नाही ग. इथे धूळ फार. तुला ताप आहे का?"

"नाही."

"बघ हात लावून कपाळाला."

तिने लावला. "नाही, पप्पा. गार आहे."

"उद्या सोमवार. अंग कोमट वाटलं तरी शाळेत जायचं नाही. परीक्षा असली तरी नाही. मम्मी म्हणाली जा, तरी सांग, पप्पा नको म्हणाला. सांगशील?"

"उद्या सोमवार नाहीये," रोझू हसून म्हणाली.

"तरी सांगशील?"

"सांगेन."

तो तिला असेच काहीबाही विचारत राहिला. शेजाऱ्यांच्या कुत्रीला पिल्लं किती, नाताळला काय शिवायचं. ती चटाचटा उत्तरे देत राहिली. सुलक्षणा भिंतीला टेकून उभी होती. बाहेर जावे असे तिला वाटले, पण आपण बाहेर गेलो आणि मध्येच काही अडले तर, या भीतीने ती हलली नाही. रोझू नाताळच्या करंज्यांत नारळ घालायचा की खवा हे सांगत होती, आणि 'खवा' या शब्दातला 'ख' म्हणून झाला तेव्हा पडदा काळा झाला.

रेमी काळ्या पडद्यासमोर बसून राहिला. मग त्याने पोशाखाच्या पट्ट्या आवळल्या आणि पुढच्या पाळीला निघून गेला. त्याने बाहेरचे दार उघडले नाही, कुणाला काही सांगितले नाही. तो पुढे पुष्कळ वर्षे बर्फ खणत राहिला. केळुसकरांनी त्याचे संयमाबद्दल कौतुक केले.

त्या संध्याकाळी वसईत जेनीला निरोप मिळाला की तोतया सापडला आहे आणि आता काळजीचे कारण नाही. रेमीने तिला जेवून घ्यायला सांगितले. ती जेवली.

सुलक्षणाने पुढच्या महिन्यात अडवलेल्या संदेशांचा आढावा काढला. एकशे बेचाळीस पत्त्यांवर काही ना काही अडलेले होते; कुठे एक, कुठे चाळीस. फक्त एका पत्त्यावर, पृथ्वीच्या बाजूला, महिनाभरात एकही विसंगती आढळली नव्हती. तिथे आता मध्यस्थाला खोटे पाडील असे कुणी बोलतच नव्हते. तो आढावा केळुसकरांना फार आवडला. बाकीचे पत्तेही असेच करता येतील का, असे त्यांनी तिला विचारले.